गढीच्या दाराशी ठेवलेली भाकर

काशीबाई मावशींचं नाव आधी लिहिते. त्या नसत्या तर मी त्या गढीत पाऊल ठेवलं नसतं, आणि धड परतही आले नसते.

माझा भाऊ दिनू बोअरच्या गाडीवर कामाला परभणीकडे गेला होता. डोक्याने थोडा अधू. पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस गाडीवरून उतरला आणि चालू लागला, फोनही बंद. आई अंथरुणावर, म्हणून मीच निघाले. सातवीत शाळा सुटलेली मी, एकटी कधी रत्नागिरीपलीकडे गेले नव्हते. सेलूला घाईत उतरताना जेवणाचा डबा गाडीतच राहिला. बाहेर नजर जाईल तिथवर काळी, सपाट जमीन. इथे माणूस लपणार तरी कुठे, असं वाटून उगाच धीर आला.

स्टँडवर फोटो दाखवत फिरताना एक चहावाला म्हणाला, मानवतपुढच्या एका गावात गढी आहे (मातीच्या उंच तटाआडचा जुन्या जहागीरदाराचा वाडा), तिथलं भूत हल्ली बोलतं. मला भीती नाही, आशा वाटली; भूत कशाला बोलेल, बोलतो तो माणूसच. एसटीने तिथे गेले.

पारावरचा म्हातारा हसला. "कोकणातून भूत बघायला आलीस व्हय? तुमच्याकडची सरली का?"

गोष्ट त्यानेच सांगितली. गढीचा एक पहारेकरी ज्वारीच्या पेवात (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) उतरला आणि गुदमरून मेला. तेव्हापासून तो भाकर मागतो. ती दाराशी ठेवायची आणि मागे न बघता घरी यायचं. बघितलं तर तो सोबत येतो.

"पयले अवसेलाच मागायचा. पावसाळ्यापासून रोजच हाका मारायला लागला," म्हातारा म्हणाला. "आता गप हाय. भाकरी तशाच पडल्यात. शांत झाला."

मी दिनूचा फोटो पुढे धरला. दळण घेऊन निघालेल्या काशीबाई थांबल्या. त्यांनी फोटो बघितला, मग मला. "चल माय. आलं सोबत तर येऊ दे."

गाव लांबून बघत राहिलं. दाराशी वाळून कडक झालेल्या भाकरी होत्या. आत पहारेकऱ्यांच्या पडक्या देवडीत गवताचं अंथरूण, त्यावर दिनूचा निळा शर्ट. खिसा मीच शिवलेला. माणूस नव्हता. पेव, विहीर, मागचा ओढा, सगळीकडे शोधलं.

मावशी उंबऱ्यावर मटकन बसल्या. "मी बी ठिवायची भाकर. एकदा मागून 'पाणी दे' म्हनला. मी पळाले गं. वळून बघितलंच न्हाई."

मला राग यायला हवा होता. पण दिनूच्या पोटात जे गेलं, ते याच हातचं. नंतर पोलीस ठाणं, दवाखाने, देवळं, सगळीकडे मावशी सोबत हिंडल्या. पत्ता लागला नाही. गाडीत बसवताना त्यांनी दशम्या बांधून दिल्या.

आईला शर्ट दिला. ती तो उशाशी ठेवते. आपण कोकणातलेही वेशीवर नारळ ठेवून न वळता घरी येतो. मागून कोणी पाणी मागितलं, तर वळा.

काशीबाईंना मी एकदा आपल्याकडे आणणार आहे. गरम भात वाढीन, आणि त्या जेवून उठेपर्यंत समोरून हलणार नाही.