आधी बलुतं, मग सरकार

हल्ली सभेत शेतकऱ्याला अन्नदाता म्हणून हार घालतात. मला तो शब्द ऐकला की चीड येते. अन्न देणारा आधी कुणाला देतो आणि स्वतःला काय ठेवतो, हे बघायला यातला एकही जण कधी खळ्यावर आलेला नसतो. मी होतो, म्हणून सांगतो.

लढाईचे दिवस होते, त्रेचाळीस-चव्वेचाळीस साल. मी पलटणीत होतो आणि रजेवर विट्याजवळच्या आमच्या गावी आलो होतो. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, मळणी उरकून खळ्यावर रास पडली होती, पण ती लहानच होती. कणसं भरायच्या वेळेलाच चिकटा रोग पडला होता आणि पीक निम्म्यावर आलं होतं. सरकार तेव्हा सक्तीनं धान्य घ्यायचं, त्याला लेव्ही म्हणत. आमची लेव्ही ठरली होती ती चिकटा पडायच्या आधी, उभं पीक बघून.

खळ्याच्या कडेला सुतार, लोहार, न्हावी, कुंभार आपापली पोती घेऊन बसले होते. वर्षभर त्यांनी आमची औतं दुरुस्त केली, फाळ शेवटून धारदार केले, दाढ्या केल्या, मडकी दिली. त्याबद्दलचा त्यांचा वाटा, म्हणजे बलुतं, रास घरी न्यायच्या आधी खळ्यावरच मोजून द्यायचं, ही रीत होती. आबा, म्हणजे माझे वडील, माप हातात घेणार तेवढ्यात लेव्हीचा कारकून शिपायासह आला आणि बुटांसकट थेट राशीजवळ जाऊन उभा राहिला.

"आवं सायेब, पायताण भाईर," आबा म्हणाले. "ह्ये खळं हाय."

कारकुनानं बूट काढले, पण पुस्तक उघडलं. "आधी लेव्ही. उरेल ते कुणालाही वाटा."

काही उरणार नव्हतं, हे त्यालाही दिसत होतं. तो माझ्याकडे वळला. "तुम्ही तर पलटणीतले. हे धान्य तुमच्याचसाठी जातं. समजवा यांना."

आणि मी समजवायला लागलो. आज सांगताना लाज वाटते, पण हुकूम ऐकायची सवय अंगात मुरली होती. "आबा, सरकारचं देऊन टाकू," मी म्हणालो.

आबांनी माझ्यावर आवाज चढवला नाही. "सरकारचं बुडवत न्हाई मी. समदं देतो. पर ह्यांचं आधी. सुतारानं हात आखडला तर पेरायची पाभर कोण भरंल? पाभर न्हाई तर पेर न्हाई, मग फुडल्या साली तुजं सरकार काय मोजंल? माती?" आणि माप माझ्या हातात देऊन म्हणाले, "मोज तू. तुला पटंल त्येला आधी घाल."

सगळे माझ्याकडे बघत होते. सुतार मात्र जमिनीकडे बघत होता. मी माप भरलं, "लाभ" म्हणालो, कारण पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, आणि ते त्याच्या पोत्यात ओतलं.

"मी तुमच्या पलटणीला कळवीन," कारकून म्हणाला.

"कळवा. नंबर लिहून घ्या," मी म्हणालो आणि त्याला माझा नंबर दोनदा सांगितला. त्यानं पेन्सिल कागदावर टेकवली, पण लिहिलं काहीच नाही. चौघांची पोती भरेपर्यंत ब्रिटिश सरकार आमच्या खळ्यावर अनवाणी उभं होतं.

मग लेव्ही मोजली. एक पायलीही कमी दिली नाही. ती पुरी झाली आणि रास संपली.

कारकून गेल्यावर सुतारानं आपलं पोतं आबांच्या पुढ्यात आणून ठेवलं. "आबा, निम्मं ठिवा. घरात काय खाशीला?"

"उचल त्ये," आबा म्हणाले. "मी दिल्यालं माघारी घेत न्हाई. पाभर तेवढी नीट भर."

तोवर आई खळ्यावर मातेरं गोळा करत होती. मातेरं म्हणजे झाडून काढलेलं, मातीत मिसळलेलं धान्य. गावाला पुरलं, सरकारला पुरलं आणि पिकवणाऱ्याच्या वाट्याला ते आलं. मी केरसुणी घेऊन तिच्याशेजारी बसलो. रजा संपेपर्यंत आम्ही त्याच्याच भाकरी खाल्ल्या. दाताखाली खडा आला की आबा तो काढून टाकायचे आणि दुसरा घास घ्यायचे.