न हलवलेली बाटली

साखर टाकून न ढवळलेला पाण्याचा ग्लास उजेडात धरला की रेषा वळवळत खाली उतरताना दिसतात. तसा ग्लास मला बघवत नाही. त्याचं कारण पंधरा वर्षं कुणाला सांगितलं नाही.

तेव्हा मी मेहकरकडच्या एका छोट्या खासगी दवाखान्यात कंपाउंडर होतो. सलाईनमध्ये औषध मिसळायचं काम माझं, थेंब लावायचं सिस्टरचं. एका दुपारी हगवणीनं गळालेला एक माणूस भरती झाला. डॉक्टरांनी सलाईनमध्ये पोटॅशियम टाकायला सांगितलं. ते दिसतं पाण्यासारखं, पण पाण्याहून जड, आणि एकदम अंगात गेलं तर हृदय बंद पाडतं. म्हणून बाटली स्टँडवरून काढायची, औषध टाकायचं, चांगली दहा वेळा उलटीसुलटी करायची आणि मगच लावायची. नव्या माणसांना हे मीच शिकवत असे.

त्या दिवशी बाहेर गर्दी होती. चालू सलाईनच्या बाटलीत, ती लटकलेली असतानाच, मी वरून सुई खुपसली आणि औषध सोडलं. खिडकीतलं ऊन बाटलीतून आरपार येत होतं. डांबरी रस्त्यावर उन्हात हवा थरथरते तसं काहीतरी आत हळूहळू खाली उतरलं, बाटलीच्या खालच्या तोंडाशी जाऊन थांबलं आणि दिसेनासं झालं. पुन्हा नुसतं स्वच्छ पाणी. ते मी पाहिलं होतं. तरी बाटलीवर औषधाच्या नावाची पट्टी चिकटवली आणि वळलो.

"भाऊ, हात लय जळून राह्यला."

"औषधच तसं हाय. एवढा गडी माणूस अन् सुईले भेतं काय बे?"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसली. तोही हसला. मग म्हातारीचं हसू थांबलं. त्याच्या तोंडावरचं तसंच राहिलं.

माणूस गेला. डॉक्टर म्हणाले, सिस्टरनं थेंब जोरात सोडले. तिनं घड्याळ लावून थेंब मोजलेले मी पाहिले होते. ती माझ्याकडे बघत राहिली, मी बाटलीवरच्या पट्टीकडे. तिची नोकरी गेली. गावात लोक तिच्या हातचं पाणीही घेईनात, असं पुढे कानावर आलं.

गेल्या महिन्यात बीबी गावी सिस्टरच्या घरी गेलो. तिनं लिंबूपाणी पुढे ठेवलं. साखर तळाशी होती, आणि दारातून येणाऱ्या उन्हात त्याच रेषा. ग्लासकडे बघतच मी सगळं सांगून टाकलं.



"इतकी वर्षं मी थेंबच मोजून राह्यली भाऊ. झोपेत बी. वाटे, माह्याच हातून चुकलं असंन."

"माफ कर, सिस्टर."

"माफी मले काऊन मांगता? लिहून द्या. गावाले वाचता येते."

तिनं चमचा घेतला, ग्लास ढवळला आणि माझ्यापुढे सरकवला. मला पिववला नाही.

म्हणून हे लिहिलं आहे. थेंब बरोबर होते. बाटली मी हलवली नव्हती.