सुनंदाची सही

प्रिय अनया आणि ईशान, पुण्याच्या फ्लॅटला कुलूप लावून मी भरे गावी, कॉलेजजवळ राहायला निघाले, तेव्हा तुमचे बाबा टोरांटोहून व्हिडिओ कॉलवर होते. "आई, सदुसष्टाव्या वर्षी समाजकार्यातली एमएसडब्ल्यू? करायचंच तर ऑनलाइन कर ना!" मी म्हटलं, "पदवी म्हणजे काय जेवणाचा डबा आहे, घरपोच यायला?" जिन्यात शेजारणी उभ्या होत्या, चेहरे मयताला आल्यासारखे. तुम्ही विमानाने गेलात, मी तासाभराच्या अंतरावर. पण चाळीस वर्षांचं घर सुटायचं ते सुटलंच.

वर्गात बाकी सगळे बाविशी-तेविशीतले. आठवड्यातून दोन दिवस फील्डवर्क: लोकांना भेटायचं आणि झालेलं बोलणं शब्दन् शब्द लिहून काढायचं. ही मुलं आधी सेल्फी काढायची, मग नमस्कार करायची. रिपोर्टात लिहायची, 'एका महिलेने आपली समस्या मांडली.' कोण महिला? कुठली? खरी नावं लिहू नका, असं मॅडमनी पहिल्याच तासाला बजावलं होतं. मला ती आळशांची सोय वाटली. इंग्रजी शाळेत जन्मभर वह्या तपासलेल्या बाईने असल्या उत्तराला शून्य दिलं असतं.

माझी घरमालकीण सुनंदा, पन्नाशीची. तिचे दोघे भाऊ माहेरची जमीन विकायला निघाले होते आणि हक्कसोडपत्रावर तिची सही मागत होते. म्हणजे वडिलांच्या जमिनीतला वाटा तिने सोडून द्यायचा. इकडच्या बहिणी पौडच्या नोंदणी कचेरीत जाऊन मुकाट्याने सही करतात आणि भावाने दिलेली साडी नेसून मिरवतात. वाट्याच्या बदल्यात साडी! सुनंदा मात्र एका सकाळी शेंगा निवडता निवडता म्हणाली, "आज्जी, मी न्हाई करायची सही. पर अजून कुनाला बोलले न्हाई. दिवाळीला जाईन, आईम्होरं बसून सांगीन."

मी खोलीत येऊन सगळं लिहिलं. नाव, वय, माहेरचं गाव, जमिनीचा गट नंबरसुद्धा. गटचर्चेत मोठ्याने वाचलं, या पोरांना कळू दे रिपोर्ट कसा असतो ते. मॅडम मध्येच थांबवायला लागल्या, तर मी हात वर करून पुढे वाचत राहिले. मागच्या बाकावर सुनंदाची चुलत भाची बसली होती.

संध्याकाळी दोघे भाऊ अंगणात. "सही करत न्हाई म्हंजी? ह्या म्हातारीनं कान भरलं व्हय तुजं?"

"माजं कान मोकळं हायेत, दादा. तुमी आवाज खाली करा."

"मंग दिवाळीला येऊ नगंस. आईला बी भेटायचं न्हाई."

ते गेल्यावर सुनंदा माझ्या दाराशी आली. रडली नाही, भांडली नाही. "आज्जी, तुमी लई शिकलेल्या. पर ते माजं बोलनं हुतं. आईला मी सांगनार हुते. तिला आता ते दादाच्या तोंडून कळलं."

ज्या पोरांना मी पहिल्या दिवसापासून नाकं मुरडली, त्यांच्यातल्या एकानेही हे केलं नसतं. त्यांचा गबाळा 'एका महिलेने' माझ्या सुरेख अक्षरापेक्षा सभ्य होता. कॉलेजने माझा रिपोर्ट बाद केला, ते योग्यच झालं.

तुमचे बाबा म्हणाले, "सोड ते सगळं, घरी परत जा." फ्लॅटवर मला कोणी काही विचारणार नाही, हे खरं. म्हणूनच गेले नाही. इथे रोज सकाळी नळावर सुनंदा समोर येते आणि मला तिच्याकडे बघावं लागतं. सध्या मी घर म्हणते ते याला.

दिवाळीत ती माहेरी गेली नाही. तेव्हापासून आईचा आवाजही तिने ऐकलेला नाही. फील्डवर्क मी पुन्हा पहिल्यापासून करते आहे. हे पत्र पाठवण्याआधी तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, "नाव बदलू का?"

"आता बदलून काय करता? समद्या गावाला ठावं हाय," ती म्हणाली. मग जाता जाता वळली. "आन् सही अजून केली न्हाई म्हनावं. त्ये बी लिवा."