हेडफोनची डबी आणि अण्णांचे कान

आमच्या घरात इलेक्ट्रिक गिटार आहे हे आमच्या इमारतीत कुणालाही माहीत नाही. चार वर्षं झाली. खालच्या मजल्यावर शिकवणीचा वर्ग भरतो, शेजारी तान्हं बाळ आहे, आणि वर जे राहतात ते आमच्या कढईत झारा आपटला तरी जिना उतरून विचारायला येतात. अशा ठिकाणी स्पीकर लावून वाजवायचं म्हणजे रोज एक भांडण विकत घ्यायचं. म्हणून मी ती डबी मागवली.

डबी म्हणजे खरोखर डबीच, काड्यापेटीपेक्षा जराशी मोठी. तिची पिन थेट गिटारमध्ये खुपसायची, दुसऱ्या बाजूला हेडफोन लावायचा. कडेला दोन बारकी चाकं, एक आवाज वाढवायचं आणि एक तो रॉकवाल्यांसारखा खरखरीत, फाटका करायचं. मोबाइलच्याच चार्जरवर चार्ज होते. चाक फिरवलं की माझ्या कानात अख्खं मैदान गाजतं आणि खोलीत बसलेल्या माणसाला फक्त तारांची टिकटिक ऐकू येते.

मी शेंद्र्याला एका कारखान्यात आहे, पहिली पाळी. साडेचारला कंपनीची बस चौकात सोडते, चहा होतो, आणि पाच ते सहा मी पलंगाच्या कडेला बसून वाजवतो. वय चव्वेचाळीस. या वयात लोक गुडघ्याला लावायचं तेल शोधत फिरतात, मी बोटांना घट्टे पाडून घेतोय. बायको म्हणते, "असू द्या. दुसरं काही लागण्यापेक्षा हे लागलेलं बरं."

आणि समोरच्या खुर्चीत अण्णा. माझे वडील. छावणी भागातल्या एका बँडपार्टीत अण्णांनी सदतीस वर्षं क्लॅरनेट वाजवलं, त्यातली वीस वर्षं मास्तर म्हणून. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, वरातीत सगळ्यात पुढं ते आणि त्यांच्या पाठीला लागूनच मोठा ढोल. खरं सांगतो, लहानपणी मला त्या कोटाची लाज वाटायची. वरात आमच्या गल्लीतून जाणार असली की मी गच्चीवर जाऊन बसायचो, वर्गातली पोरं बघतील म्हणून. अण्णांनी दोनदा क्लॅरनेट माझ्या हातात दिलं होतं. दोन्ही वेळा मी ते पलंगावर ठेवून खेळायला पळालो. त्यांनी तिसऱ्यांदा दिलं नाही.

असा माणूस चाळिशीत गिटार घेऊन बसला तर बापाला कुतूहल वाटणारच.

"काय वाजवायलास?"

"काही नाही अण्णा, प्रॅक्टिस."

"मग ऐकव की एकदा."

"अजून बसलं नाही. बसू द्या जरा."

हे संभाषण आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं. कधी ते वैतागायचे. "बाजा वाजवायचा तो चार लोकांनी ऐकावा म्हणून. तुझं म्हणजे ताट वाढून घ्यायचं आन् दार लावून जेवायचं." मी हसून हेडफोन पुन्हा कानावर ओढायचो.

मला भीती वाटायची, दुसरं काय? हा माणूस लग्नाच्या पंगतीत जेवायला बसलेला असताना बाहेर बँडचा सूर घसरला तर घास हातातच राहायचा त्याचा. "बरं वाजवलं" हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून आयुष्यात दोन-तीनदा ऐकलेत, ते पण दुसऱ्यांसाठी. मला ते माझ्यासाठी ऐकायचे होते. म्हणून मी सूर पक्का बसायची वाट बघत होतो. डबीत मला कुणी ऐकत नव्हतं, तिथं मी राजा होतो.

हळूहळू घरात ओरडून बोलायची सवय लागली, आणि तिचं खापर सगळ्यांनी त्या डबीवर फोडलं. अण्णा काहीतरी विचारायचे, मी हेडफोनचा एक कान उचलून "काय?" म्हणायचो, उत्तर द्यायचो, मग ते "काय?" म्हणायचे. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "बाई गं, घर आहे का भाजीबाजार?" मी हेडफोन काढून ठेवला तरी अण्णा ओरडूनच बोलायचे. मग मी चिडायचो. "काढलाय हो हेडफोन! मी काय बहिरा आहे का?" ते नुसते माझ्या तोंडाकडं बघत राहायचे.

चहाला हाक मारली तर येत नसत. आम्हाला वाटायचं रुसलेत. टीव्ही मोठ्यानं लावायचे. मला वाटायचं, मी त्यांना ऐकवत नाही म्हणून माझ्यावर राग काढतायत. आता आठवलं की हसूही येतं आणि स्वतःची कीवही येते.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी विचारणं बंद केलं. आठवडा गेला, महिना गेला, दोन महिने गेले. पाच वाजता खुर्चीत बसायचे, माझ्या बोटांकडं बघायचे, पण "ऐकव" म्हणत नसत. इतकी वर्षं ज्या तगाद्याला मी कंटाळलो होतो तो थांबल्यावर मला करमेना. म्हटलं, आता पुरे झालं. सूर बसो नाहीतर न बसो.

एका रविवारी सकाळी मी कंपनीतल्या मित्राकडून छोटा स्पीकर मागून आणला. शिकवणी बंद होती, वरचे गावाला गेले होते. अण्णांच्या समोर जाऊन म्हटलं, "अण्णा, आज ऐकवतो." ते उठले, धुतलेला सदरा घातला, भांग पाडला. मग खुर्ची उचलून भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि माझ्याकडं पाठ करून बसले.

ही त्यांच्या बँडची रीत. नवीन माणूस घ्यायचा असला की मास्तर त्याला एक गाणं पूर्ण वाजवायला लावायचा आणि स्वतः पाठ करून ऐकायचा. बोटं बघितली की कान आळशी होतो म्हणे. अण्णांना हे त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं, छावणीतलेच एक म्हातारे मुसलमान क्लॅरनेटवाले. ते म्हणायचे, "देखो नक्को, सुनो." मधे बोलायचं नाही, मान हलवायची नाही, शेवटचा सूर विरल्यावर मास्तर एकच वाक्य बोलणार. त्या वाक्यावर माणसाची भाकरी ठरायची.

मी वाजवायला घेतली ती अण्णांचीच धून. नवरी सासरी निघायच्या वेळी ते एक संथ धून वाजवायचे, स्वतः बसवलेली. खालून सुरू व्हायची, थबकत थबकत चढायची, आणि शेवटी क्लॅरनेट अगदी वरच्या टिपेला जाऊन थरथरायचं. तिथं मांडवातले पुरुषसुद्धा रुमाल काढायचे. गच्चीवर लपून बसलेल्या मलाही ती पाठ झाली होती. शेजारच्या बाळाच्या धाकानं स्पीकरचा आवाज मी उशाशी लावलेल्या रेडिओइतका बारीक ठेवला आणि सुरू केलं.

आयुष्यात इतकं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं. एकही बोट घसरलं नाही. वरची जागा आली तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. बायको पोळ्या सोडून दारात येऊन उभी राहिली होती, पिठाचे हात तसेच. शेवटचा सूर संपला. मी तारांवर तळवा ठेवला.

अण्णा हलले नाहीत. पाठ ताठ, हात मांडीवर. म्हटलं, शब्द जुळवत असतील.

मग ते भिंतीकडं बघतच म्हणाले, "कर की मग सुरू. हात कापायलेत का?"

बायकोनं पिठाचा हात तोंडावर नेला. आमची एकमेकांशी नजरानजर झाली आणि इतक्या दिवसांतलं सगळं एका क्षणात कळलं. ते ओरडणं, तो टीव्ही, चहाच्या हाकेला न येणं. मला बहिरा समजतायत म्हणून मी चिडत राहिलो आणि बहिरा होत होता तो माणूस माझ्या समोर चार हातांवर बसलेला.

मी उठून त्यांच्या पुढ्यात जाऊन उकिडवा बसलो. त्यांनी माझं तोंड बघितलं.

"झालं व्हय?"

मी मान हलवली. मग अण्णा हळू आवाजात, त्यांच्या मते हळू, म्हणाले, "दोन वर्सं झाली. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी. लोकांचं तोंड बघून भागवायलोय."

"सांगायचं नाही का अण्णा?"

"काय सांगू? बँडमास्तर बहिरा झाला म्हणून सांगू?" आणि थांबून म्हणाले, "म्हणत व्हतो ना तुला रोज, ऐकव, ऐकव म्हणून."

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली मला. पहिली दोन वर्षं या माणसाला सगळं ऐकू येत होतं आणि मी सूर बसायची वाट बघत होतो. पुढची दोन वर्षं ते उरलेलं ऐकून घ्यायला धडपडत होते आणि मी डबीत राजा होऊन बसलो होतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगणात उतरलोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांना क्रांती चौकातल्या कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. काचेच्या खोलीत बसवून त्यांच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला अण्णा पटापट दाबत होते. आवाज बारीक आणि चढा होत गेला तसं त्यांचं बोट नुसतंच बटणावर थांबून राहिलं. काचेतून ते बाहेर माझ्याकडं बघत होते, परीक्षेत पेपर कोरा राहिलेल्या पोरासारखे. मला तिथं उभं राहवेना.

डॉक्टर म्हणाले, "इतकी वर्षं ढोलापुढं उभे होते, दुसरं काय होणार? जाड आवाज बरेच शिल्लक आहेत. बारीक गेले, ते परत येणार नाहीत." मशीन बसवू, बोलणं समजेल, गाण्याचं मात्र खात्रीनं सांगता येत नाही. मशीन यायला पंधरा दिवस लागणार होते.

आम्ही रिक्षानं घरी निघालो. आणि मधेच माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या खोलीत सुरुवातीला त्यांनी पटापट बटण दाबलं ते कशामुळं? आवाज थेट कानात येत होता म्हणून. आणि थेट कानात आवाज घालणारी वस्तू घरात चार वर्षं पडून आहे! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मागं फिरून मी डॉक्टरांना विचारून आलो. थोडा वेळ, बेताच्या आवाजात, चालेल म्हणाले.

संध्याकाळी पाच वाजता मी गिटारला डबी लावली आणि हेडफोन अण्णांच्या कानांवर चढवला. त्यांनी आधी खुर्ची फिरवून घेतली, वायर पुरेल एवढ्या अंतरावर. मी एक तार छेडत चाक हळूहळू फिरवत गेलो. अर्ध्यापुढं गेलं तसा त्यांचा हात वर झाला. "बास."

मी धून सुरू केली. आता मला काही ऐकू येत नव्हतं. तारा किरकिरत होत्या तेवढंच. चूक का बरोबर कळायला मार्ग नाही, समोर फक्त बापाची पाठ. तिचाच अंदाज घेत वाजवत राहिलो. त्यांचा पाय ठेका धरत होता. मधेच पाय थांबला आणि रीत मोडून अण्णा ओरडले, हेडफोन असल्यामुळं आपण केवढ्यानं बोलतोय याचा पत्ताच नाही त्यांना.

"अरे पळायलास कुठं? नवरी अजून आईच्या गळ्यात हाय!"

जिन्यात कुणीतरी दार उघडलं. बायको आत हसता हसता डोळे पुसत होती. मी लय खाली आणली, पाय पुन्हा सुरू झाला.

मग धून वर चढली आणि शेवटच्या जागेला अण्णांचा हात पुन्हा वर झाला.

"खालचं समदं येतंय. हितून पुढं काय येईना."

मी थांबलो. सुचलं ते केलं, तीच जागा खालच्या तारांवर आणून वाजवली, निदान ऐकू येईल म्हणून. त्यांनी जोरात नकारार्थी मान हलवली.

"खाली नको आणू. ती जागा वरचीच हाय. तू तिथंच वाजव. मला म्हाईत हाय ती कशी वाजती."

मी वर गेलो. ते सूर त्यांच्या कानापर्यंत पोचत नव्हते आणि माझ्या कानापर्यंतही धड पोचत नव्हते. पण जरा बाजूला वाकल्यावर दिसलं, मांडीवर त्यांची बोटं क्लॅरनेटच्या भोकांवर पडावीत तशी पडत होती, आणि मी त्या बोटांबरोबर गेलो. घाई केली नाही. टिपेला ते थांबले तितका वेळ मी थांबलो. संपलं तेव्हा मला रडू आवरेना. मी मास्तरच्या त्या एका वाक्याची वाट बघत बसलो.

अण्णा पाठमोरेच, सगळी इमारत ऐकेल एवढ्या आवाजात म्हणाले, "हां. आता पुन्ना. पहिल्यापासून."