आमच्या शोकसभा आणि बुवांचा फराळ

देशात कुठेही मोठं माणूस गेलं की मला फोन येतो. मी कोणी मोठा नाही. लातूरच्या एका वाचनालयात आम्ही सात-आठ निवृत्त लोक रोज सकाळी पेपर वाचायला जमतो आणि आमच्यातलं शोकसभांचं खातं माझ्याकडे आहे. फोटो कुठला लावायचा, हार कुणी आणायचा, आधी कोण बोलणार आणि नंतर कोण, हे मी ठरवतो. बायको म्हणते, "लोकं मरायची वाटच बघत बसता तुमी." वाट बघत नाही. पण ज्या आठवड्यात कोणीच जात नाही तो आठवडा जरा अळणी जातो, हे कबूल करतो.

गेली दोन-तीन वर्षं तर रांगच लागली होती. एक पैलवान गेले, एक जुनी नटी गेली, एक शास्त्रज्ञ गेले, रेडिओवर क्रिकेट सांगणारे एक गृहस्थ गेले. प्रत्येकाची आम्ही रविवारी सकाळी सभा घेतली. आमच्या सभेचा एकच नियम आहे आणि तो मी केलेला आहे: ऐकीव चालणार नाही. गेलेल्या माणसाला ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल त्यानंच बोलायचं आणि पाहिलं तेवढंच बोलायचं. हा नियम करण्याआधी लोक खिशातून कात्रण काढून तोच लेख वाचून दाखवायचे, जो आम्ही सगळ्यांनी तासाभरापूर्वी वाचलेला असायचा. माझं डोकं फिरायचं.

आता मोठी माणसं आमच्याकडे उतरतात कुठे? गाडी पंक्चर झाली तरच. त्यामुळे आमच्या आठवणी लहान असतात, पण असतात. त्या नटीला रेणापूरच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर आमच्यातल्या एकानं पाणी दिलं होतं. अर्धा तांब्या ती प्यायली, अर्ध्यानं तोंड धुतलं. एवढ्यावर ते आठ मिनिटं बोलले आणि एकही मिनिट फुकट गेलं नाही. पैलवानांची कुस्ती चालू असताना त्यांचा फेटा जळकोटच्या जत्रेत एकानं मांडीवर सांभाळला होता. एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टरनं सांगितलं, की ते शास्त्रज्ञ त्याच्या गाडीत चढले आणि पहिल्यांदा त्यांनी खिडकीची जागा आहे का ते विचारलं. मला त्या माणसाचे सगळे शोध एका बाजूला आणि ती खिडकी एका बाजूला, असं वाटलं. पुढाऱ्यांसाठी मात्र फक्त मौन ठेवतो. एकदा बोलू दिलं तर सभा दुपारपर्यंत चालली आणि दोघांचं बोलणं बंद झालं ते अजून बंदच आहे.

आमच्यात एक घड्याळवाले चाचा आहेत. ते कधीच बोलत नाहीत. "आपण तर कुणालाच पाहिलं नाही, सर. सारी उमर घड्याळाच्या पोटात डोळे घालून बसलो," असं म्हणून ते सतरंजी अंथरायला लागतात. मौनाची वेळ त्यांच्याकडे. दुसरीकडे दोन मिनिटांचं मौन चाळीस सेकंदांत उरकतात, आमच्याकडे ते पुरतं दोन मिनिटं चालतं आणि त्यात गुडघेदुखीची सवलत नाही.

माझ्याकडे आठवण एकच होती, पण ती बावनकशी. मी नांदेडला मास्तर होतो तेव्हा तिथल्या संगीत मंडळानं एका फार मोठ्या गवयाला बोलावलं होतं. आम्ही त्यांना बुवा म्हणायचो, इथेही बुवाच म्हणतो. बुवा सकाळच्या गाडीनं आले, विश्रामगृहातली खोली अजून तयार नव्हती, म्हणून ते सरळ आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडी आले. बायकोनं सुशीला केली होती. सुशीला म्हणजे मुरमुरे भिजवून, पिळून, त्यांना कांदा, हिरवी मिरची आणि शेंगदाण्यांची फोडणी द्यायची आणि वरून डाळव्याचं कूट पेरायचं. मराठवाड्याबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं, नाहीतर तो विचारतो, कोण सुशीला? तर बुवांनी सुशीला दोनदा घेतली आणि तिसऱ्यांदा मागताना लाजले. हात धुताना मोरीपाशी त्यांनी भैरवाची एक तान घेतली आणि शेजारच्या घरातली भांड्यांची आदळआपट थांबली.

ही आठवण मी तीस वर्षं सांगत आलो. लग्नात सांगितली, गाडीत सांगितली, शाळा तपासायला आलेल्या साहेबांना सांगितली. यातलं बुवा नांदेडला आले होते एवढं खरं आहे.

झालं होतं असं, की बुवांचा फराळ माझ्याकडे हे मंडळानं खरंच ठरवलं होतं. बायको पहाटे उठली होती. शेजारणीकडून चांगल्या कपबशा आणल्या होत्या. मी हार घेऊन स्टेशनवर उभा होतो. बुवा उतरले, मी हार घातला, त्यांनी मला हात जोडले आणि तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "बुवा दमलेत, खोली झाली आहे, सरळ तिकडंच नेतो." जीप गेली. मी सायकल हातात धरून तसाच उभा राहिलो. घरी येऊन "नाही आले" एवढं म्हणालो, शर्ट बदलला आणि शाळेत गेलो. शिक्षकांच्या खोलीत सगळे वाट बघत होते. "काय सर, आले होते का बुवा?" माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. एकदा हो म्हटल्यावर त्यांनी काय खाल्लं हेही सांगावं लागलं. पहिल्या वर्षी बुवांनी सुशीला एकदाच घेतली होती. दुसरी खेप पुढच्या वर्षी आली. तानेला तर पाच-सहा वर्षं लागली.

एक पथ्य मात्र मी पाळलं. बायकोसमोर ही गोष्ट कधी सांगितली नाही. ती आत गेली की सांगायचो, ती बाहेर आली की विषय पावसावर न्यायचो. तिला ठाऊक नसेल असं नाही. नातेवाइकांत गोष्ट फिरतेच. पण ती कधी काही म्हणाली नाही आणि मी ते मनातल्या मनात तिची नाराजी म्हणून धरून चाललो.

यंदा बुवा गेले. भरल्या वयात, झोपेत गेले. फोन आला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं आणि लगेच आपली पंचाईतही लक्षात आली. सभा रविवारी, आणि बुवांना पाहिलेला आमच्यात मी एकटा. त्यात आमच्या कंडक्टरनं डोकं चालवलं. बुवांचे अभंग घरोघरी बायकांच्या मोबाइलवर सकाळी लागतात, तर यावेळी बायकांनाही बोलवू, म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी घरी येऊन हे सांगितलंच नाही, पण कंडक्टरच्या बायकोनं परस्पर फोन केला.

"मीबी येनार," बायको म्हणाली.

"तू काय करणार तिथं? दोन तास सतरंजीवर बसावं लागतं."

"बसंन की."

रविवारी तिनं ठेवणीतली इरकल नेसली. मी मनात म्हटलं, आज ही माझी फजिती बघायला निघाली आहे, तीही जरीच्या काठात.

वाचनालयाची खोली भरली होती. बुवांचा फोटो, हार, उदबत्ती, सगळं जागच्या जागी. बायको बायकांत पुढे बसली. कंडक्टर उठला आणि म्हणाला, "आता सर आपल्याला ती सुशीलेची आठवण सांगतील. आज आपलं भाग्य असं, की ज्यांच्या हातची ती सुशीला, त्या वहिनी स्वतः साक्षीला बसल्या आहेत." सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिनं पदर सावरला, ताठ बसली आणि माझ्याकडे बघू लागली. डोळे असे मोठे करून, की पापणी लवेना.

मला ती नजर सोसली नाही. खोटं मी एकट्यानं पुष्कळ बोललो होतो. पण तिला साक्षीला बसवून, मेलेल्या माणसाच्या फोटोपुढे, आणि तेही मीच केलेला नियम मोडून? मी म्हणालो, "मित्रहो, बुवा आमच्या घरी आले नव्हते." आणि मग स्टेशन, हार, जीप, सायकल, सगळं सांगितलं. बुवांनी मला हात जोडले एवढंच माझं खरं आहे, असं म्हणून खाली बसलो.

आधी नटीला पाणी देणारे हसायला लागले आणि सगळी खोली हसली. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या पडल्याचं मला आठवत नाही. चाचा सतरंजी ओलांडून माझ्याकडे आले, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सर, आज दिल खुश केलंत. फोटोतले बुवापण हसले असतील." मला फार हलकं वाटलं. तीस वर्षांनी का होईना, गडी खरं बोलला, असं मीच माझी पाठ थोपटली. दोन मिनिटांच्या मौनात तर मी बुवांपेक्षा स्वतःचाच विचार करत होतो.

घरी आल्यावर बायकोनं इरकल सोडली, घडी घातली, कपाटात ठेवली. कपाटाचं दार जरा जोरात लागलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय?"

"अगं, मी खरं बोललो. लोक किती खूष झाले, बघितलंस ना?"

"तुमाला कोनी सांगितलं होतं खरं बोलायला?"

"तूच तर तशी बघत होतीस माझ्याकडं!"

"मी ऐकायला बसले होते!" ती म्हणाली. "इतकी वर्सं झाली, माझ्यापुढं कदी सांगितलं का तुमी? जाऊबाईकडनं ऐकलं, शिरूर अनंतपाळात भावजयीकडनं ऐकलं. म्हनलं, आज तरी तुमच्या तोंडून ऐकावं. म्हनून नेसले ना त्ये लुगडं."

"पण ते खोटं होतं."

"मला म्हाईत न्हाई व्हय? पातेलं माझ्याच म्होरं होतं." ती पलंगाच्या कडेला बसली. "माहेरी गेलं की समदे म्हनतेत, बुवानं खाल्ली तसली सुशीला कर. भावाच्या सुनाबी म्हनतेत. तीस वर्सं त्यो मानूस माझ्या हातचं खात होता. आन् तुमी आज त्याला पाटावरनं उठिवलं. मेल्यावर!"

मला हसू आलं. तिला आलं नाही, म्हणून मी माझं आवरलं. मग मी म्हणालो, की त्या दिवशी बुवा आले नाहीत याचं तुला इतकं वाईट वाटलं होतं, हे मला कधी कळलंच नाही.

"त्येंचं कशाला वाईट वाटंल?" ती म्हणाली. "मोठा मानूस, परवासानं दमलेला. न्हाई आले तर न्हाई आले. पर तुमी तरी खायचं होतं. दोन पातेली केली होती. तुमी शर्ट बदलला आन् निघून गेले. शेजारी वाटावी, तर पाव्हने कुठं हायेत म्हनून इचारतील. कपबशा शेजारनीच्याच होत्या. मंग दार लोटून घेतलं आन् एकटीच खात बसले."

मी तीस वर्षं ती सकाळ लोकांना सांगत होतो. त्या सकाळी माझी झालेली फजिती मी इतकी जपली होती, की झाकायला एवढी मोठी गोष्ट रचली. पण मी गेल्यावर त्या खोलीत काय झालं असेल, हे माझ्या मनाला एकदाही शिवलं नव्हतं. मला लाज वाटली. सभेत खोटं कबूल करताना वाटली नव्हती एवढी वाटली.

"आता कर," मी म्हणालो. "आता खातो."

"मुरमुरे न्हाईत घरात."

मी खुंटीवरची पिशवी काढली. "किती आणू?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मी खरंच निघालो आहे की तोंडदेखलं बोलतो आहे, हे ती पारखत असावी.

"दोन पातेली होतील एवढे आना," ती म्हणाली.

रविवार असल्यानं उघडं दुकान मिळायला तीन गल्ल्या फिरलो. आल्यावर मी कांदा चिरला, तिनं फोडणी दिली. जेवायच्या वेळेला खायला बसलो तो चहाच्या वेळेपर्यंत खात होतो, आणि दार सताड उघडं ठेवून ती समोर बसून वाढत होती.