बसणे चालू आहे

बोर्डीचा शिक्का आणि परकं अक्षर असलेलं, वर ‘श्री’ नसलेलं पोस्टकार्ड तलासरीच्या कचेरीत माझ्या टेबलावर आलं, तेव्हाच मजकूर वाचायच्या आधी कळलं. बोर्डीचे नाना गेले. असं कार्ड ठेवू नये, वाचून फाडावं म्हणतात. फाडलं आणि पुन्हा समोरच्या कागदांत मान घातली. रडू आलं नाही. दमलेल्या माणसाला रडायचाही कंटाळा येतो...

पंधराएक वर्षांपूर्वी मी बोर्डीत शाळामास्तर होतो. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच बायको विषमज्वराने गेली आणि माझी झोप उडाली. वर्गात मुलांवर खेकसायचो, घरी चूल पेटवायचंही जिवावर यायचं. नानांची चिकूची वाडी माझ्या खोलीला लागूनच होती. एका पहाटे त्यांनी कुंपणावरून हाक मारली, “मास्तर, जागेच आहात तर इकडे येऊन बसा.” त्यांच्या ओट्यापर्यंत एक दोरी आणलेली होती, दुसऱ्या टोकाला झाडावर पत्र्याचा डबा टांगलेला. चिकूवर वाघळं बसली की दोरी ओढायची, डबा खडखडला की ती उडायची. नाना रोज पहाटे ती दोरी हातात धरून, डोळे मिटून घटकाभर बसत. मला म्हणाले, “मंत्र नाय, काय नाय. श्वास मोजायचा. दहा झाले की परत एक. मन पळालं की दोरी ओढा नि पुन्हा एकपासून धरा.”

पहिल्या दिवशी मी तीनच्या पुढे सरकलो नाही. डबा इतका वाजला की सकाळी पलीकडच्या वाडीतले शेठ विचारायला आले, “नाना, तुमच्याकडे यंदा वाघळं फार झाली काय?” नाना म्हणाले, “वाडीत नाय ओ, मास्तरांच्या डोक्यात.” मी हसलो. किती महिन्यांनी, कोण जाणे. पुढे वर्षभर तसा बसत राहिलो. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही, झोप लागायला लागली, एवढंच. पण तेवढ्यावर मी पुन्हा उभा राहिलो, हे कबूल केलंच पाहिजे.

मग शाळा सोडून तलासरीला कचेरीत लागलो. दर महिन्याला नानांचं कार्ड यायचं. चिकूचं पीक, वहिनींचे गुडघे, आणि शेवटची ओळ ठरलेली: ‘बसणे चालू आहे ना?’ सुरुवातीला चालू होतं. मग एक दिवस चुकला, मग आठवडा, मग दुसरं लग्न, मुलं, आजारपणं... बसणं सुटलं. उत्तर मात्र सुटलं नाही. ‘चालू आहे’ लिहायला काय लागतं? खरं कळवलं असतं तर नाना रागावले नसते, ‘पुन्हा एकपासून धरा’ एवढंच म्हणाले असते. तेच मला नको होतं. दहा वर्षं मी त्या माणसाशी खोटं बोललो.

दिवसकार्य उरकल्यावर बोर्डीला गेलो. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “शेवटचं वर्ष त्यांना बसवत नव्हतं, भावोजी. दम लागायचा. मी म्हणायची, पडून राहा, कोण बघायला येतंय? तर म्हणायचे, तिकडे मास्तर बसला असेल, मी कसा पडून राहू? मग पाठीशी उशी लावून द्यायची.”

मला मान वर करवेना. माझ्या खोट्या दोन शब्दांनी तो आजारी माणूस रोज पहाटे अंथरुणातून उठत होता. वहिनींना सगळं सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, “तुम्ही बसता ना अजून?”

“बसतो,” मी म्हणालो.

त्याला आता महिना होऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून बसतो आहे. शांत वगैरे काही वाटत नाही. पायाला मुंग्या येतात, कचेरीतली कामं आठवतात, सहा-सातवर मन पळतं. परत एकपासून धरतो. परवा पहिल्यांदा दहापर्यंत पोहोचलो. आता खरोखरच चालू आहे, आणि विचारणारं कोणी नाही.