मीठवालीचा रानझेंडू

झाडाला पाणी घातलं की रागावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. कोलशेतच्या मिठागरातून डोक्यावर पाटी घेऊन ती ठाण्यात आमच्या दारी यायची. घरात सगळे तिला मीठवाली म्हणत. मीही तेच म्हणे.

मी साताऱ्याकडची. तेराव्या वर्षी कचेरीतल्या कारकुनाची बायको होऊन आले. निघताना आईनं जाईचं रोप दिलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला आणि जाई वाळली. परसात मी रडत बसलेली मीठवालीनं पाहिलं. समजूत वगैरे घातली नाही. पुढच्या खेपेला पदराची गाठ सोडून काडीसारखं काळं बी माझ्यापुढे धरलं. "रानझेंडू हाय. बंगल्यावरचा माळी उपटून टाकीत व्हता. लाव."

भाद्रपदात उघडीप पडली तशी मी हौसेनं रोपांना तांब्याभर पाणी घातलं. ती ओरडलीच. "माजंल गो बाय! नुसता पाला येल!" मग कुंपणाकडेच्या मुरमात, जिथं गवतही टिकत नसे, तिथं तिनं रोपं हलवली. दसऱ्याला ती कड पिवळीधमक झाली. फुलं लहान, एकेरी पाकळ्यांची. पान चुरलं की हाताला दिवसभर वास. सासूबाईंनी ती तोरणात घेतली नाहीत. मीठवाली मात्र म्हणाली, "आयला कलव, तुजी पोर रुजली." तेव्हा मला लिहिता येत नव्हतं, यजमानांकडून पत्र लिहून घेतलं.

त्यानंतर दर खेपेला ती पायरीवर टेकायची नि म्हणायची, "माहेरचा सांग." मी नदी, भाऊ, आईचं ताक, सगळं सांगत सुटे. सहा वर्षं ती ऐकत होती.

प्लेगच्या साली एका सकाळी ती फाटकाबाहेरच थांबली. "गावान उंदीर पडलं गो. आत नाय येत." मी पुढे झाले तशी ती मागे सरली. "तिथंच थांब!" आठवड्यात ती गेल्याचं कळलं.

पुढच्या वर्षी एक तरणी बाई दारात आली. "मीठवालीची लेक मी. उरनला देलीय. सात वर्सां येवाला नाय जमला." मग तिनं विचारलं, "आय माज्याबद्दल काय बोलायची?"

मीठवालीला लेक आहे, हेच मला तेव्हा कळत होतं.

"रोज तुझी आठवण काढायची," मी म्हणाले. ती तोंडाला पदर लावून रडू लागली. मी तिचा हात धरला. नाव घेऊन समजूत घालावी म्हटलं, तर नाव ठाऊक नव्हतं; तिचंही, तिच्या आईचंही.